पत्नी : आहे

राजलक्ष्मी कृष्णाजीराव मानसिंग हिच्याशी बोलताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, "तुम्ही वेबसाइटचं टायपिंग करता ना?" असं तिला विचारायचं नाही. दुसरी, "तात्पुरतं असं करून ठेवू, नंतर बघू," हे तिच्यासमोर चुकूनसुद्धा म्हणायचं नाही. इंदिरानगरच्या तिच्या ऑफिसात नवीन आलेला माणूस पहिल्या आठवड्यात या दोन्हींपैकी एक करतोच, आणि मग दुपारचा डबा कोपऱ्यात एकटा बसून खातो.

वय एकोणपन्नास. लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारणारे आता दमून गप्प बसलेत. घराणं बेंगळुरूचंच, म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर खाली आलेल्या आणि परत न गेलेल्या मराठी घरांपैकी एक. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि आईला आई नाही, अम्मा म्हणायचं. बी.एस्सी. झाल्यावर ती एका छापखान्यात लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायला लागली. छापखाना बुडाला तेव्हा बत्तीस वर्षांची होती. तिच्याहून दहा वर्षांनी लहान पोरांच्या शेजारी बसून ती वेबसाइटचं काम शिकली, आणि त्या पोरांपैकी आज एकही त्या धंद्यात उरलेला नाही. ही उरली. नुसती उरली नाही, तर तिच्याशिवाय त्या ऑफिसात कुठलंही मोठं काम सुरू होत नाही.

तिचं काम सांगायला अवघड नाही, पण लोक धड ऐकून घेतील तर ना! वेबसाइटच्या मागे एक व्यवस्था असते, तिच्यात ऑफिसातली माणसं रोजचा मजकूर भरतात. ती व्यवस्था नवी कोरी मिळते तेव्हा तिला दोनच गोष्टी कळत असतात, पान आणि बातमी. पण इस्पितळात डॉक्टर असतात, शाळेत शिक्षक असतात. डॉक्टर म्हणजे काय, हे त्या व्यवस्थेला कुणीतरी शिकवावं लागतं. त्याला नाव असतं, शिक्षण असतं, बसायचे वार असतात, तो कुठल्या तरी विभागाशी जोडलेला असतो. ऑफिसात याला कंटेंट टाइप म्हणतात, राजलक्ष्मी 'प्रकार' म्हणते. प्रकाराच्या आत भरायच्या ज्या जागा, ते रकाने. कशाचा प्रकार करायचा आणि कशाचा नुसता रकाना, यात तिची सतरा वर्षं गेली. ज्याला शोधत लोक येतात, ज्याला स्वतःचं पान लागतं, तो प्रकार. ज्याचं दुसऱ्याच्या पानावर एका ओळीत भागतं, तो रकाना. रकान्याची वेगळी यादी निघत नाही, आणि ज्या पानावर तो आहे ते पान गेलं की तोही जातो.

मागच्याच वर्षी एका इस्पितळाचं काम आलं होतं. अभिराज नावाचा पुण्याचा मुलगा, महादेवपुऱ्यात तिघांबरोबर फ्लॅट घेऊन राहणारा, हुशार पण घायकुता. तो म्हणाला, "मॅम, डॉक्टरांसाठी एवढं स्ट्रक्चर कशाला? डिपार्टमेंटच्या पेजवरच एक टेक्स्ट फील्ड देऊ, त्यात नावं टाकतील. क्लायंटला काय कळतंय?"

"आणि उद्या त्यांनी तो विभाग बंद केला तर? डॉक्टर मेले का रे?"

हे ती एवढ्या जोरात म्हणाली की काचेपलीकडच्या मीटिंगमधली माणसं वळून बघायला लागली. अभिराजने मुकाट्याने डॉक्टरांचा वेगळा प्रकार केला. बाई खवट आहे, पण खोटं बोलत नाही, असं तो बाहेर सांगतो.

आता अशा बाईने आपल्या घरच्याच कामात काय करून ठेवलं, ते ऐका.

चामराजपेटात या जुन्या मराठी घरांचं एक मंडळ आहे. खाली हॉल, वर दोन खोल्या. वरच्या एका खोलीत राजलक्ष्मीची अम्मा, सावित्रीबाई, दर रविवारी मुलांना मराठी वाचायला-लिहायला शिकवते. घरात मराठी बोलणारी पण शाळेत कन्नड-इंग्रजी लिहिणारी ही मुलं. एकतीस वर्षं झाली, एक दमडी न घेता. कृष्णाजीराव गेले त्याला सहा वर्षं झाली, तेव्हासुद्धा तेरावा आटोपल्यावर पुढचा रविवार तिने चुकवला नाही.

वर्षापूर्वी मंडळाला वेबसाइट हवी झाली. सगळ्या सभासदांची यादी तिच्यावर, नोटिसा तिच्यावरून, सभेचा हजेरीपटही तिच्यातूनच काढायचा. राजलक्ष्मी म्हणाली, मी करून देते, फुकट. तिने आराखडा नेला तो नेटका होता. 'व्यक्ती' हा एक प्रकार, 'कुटुंब' हा दुसरा, आणि कोण कुणाच्या घरातलं ते जोडून दाखवायचं. बाई असो, बुवा असो, प्रत्येकाला आपलं पान.

अध्यक्ष वासुदेवराव. वय एक्याऐंशी, तिच्या वडिलांचे जिवलग दोस्त, ती त्यांना अण्णा म्हणते. त्यांनी आराखडा बाजूला सारला आणि कपाटातून लाल कापडाच्या बांधणीची जुनी नोंदवही काढून टेबलावर ठेवली.

"राजी, तुझं ते सगळं सरी, बरोबर. पण आमच्या वहीत आहे तसंच दिसू दे बघ. एक घर, एक पान. वर घरप्रमुख, खाली पत्नी, खाली मुलं. म्हातारी माणसं बघणार आहेत, स्वल्प सोपं ठेव."

एका बँकेच्या मॅनेजरला भर बैठकीत माफी मागायला लावणारी ही बाई. ती काय म्हणाली? "सरी अण्णा," म्हणाली! वडील इस्पितळात होते ते अकरा दिवस अण्णा रोज येऊन बसले होते, तेव्हा त्यांना नाही म्हणायला तिची जीभ रेटली नाही. हे एक कारण. दुसरं कारण ती कुणाला सांगत नाही, पण मी सांगतो. तिच्या आराखड्याला दोन आठवडे लागले असते, अण्णांचं दोन दिवसांत उरकत होतं. ऑफिसात कामं तुंबली होती. तिने 'कुटुंब' हा एकच प्रकार केला, घरप्रमुखाच्या नावाने पान, आणि 'पत्नी' हा एक साधा रकाना. वरून आपली हुशारी म्हणून, कुणी मागितली नसताना, 'दिवंगत' अशी एक चौकट ठेवली. घरप्रमुख गेला की तिथे खूण करायची, ते पान सभासदांच्या यादीतून आपोआप उतरून श्रद्धांजलीच्या पानावर जाईल. अण्णा खूश झाले. तीसुद्धा झाली.

यंदा वार्षिक सभेच्या तीन दिवस आधी संध्याकाळी अम्मा म्हणाली, "राजी, सभेची नोटीस आली म्हणे सगळ्यांना. मला नाही आली."

"येईल की."

"शेजारच्या रूपश्रीला येऊन तीन दिवस झाले. वरची खोली जेवणाच्या पंगतींसाठी घ्यायची म्हणून ठराव आहे. माझ्या वर्गाची खोली."

राजलक्ष्मीने आपला फोन बघितला. तिलाही नोटीस नव्हती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मंडळाचा चिटणीस प्रदीपकुमार याला फोन लावला. हा प्रदीपकुमार चाळिशीचा, चिकपेटेत कापडाचं दुकान, सरळ माणूस.

"अक्का, सावित्रीअक्कांचं नाव लिस्टातच नाही बघा."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे सिस्टम दाखवत नाही. सिस्टम दाखवते त्यांनाच नोटीस गेली. आणि नियम तुम्हाला ठाऊक आहे, यादीत नाव त्यालाच सभेत बोलता येतं, त्यालाच हात वर करता येतो. मी काय करू सांगा?"

"प्रदीप, ती सिस्टम मी केलीय."

"होय की! मग तुम्हालाच ठाऊक असणार," प्रदीपकुमार अगदी भाबडेपणाने म्हणाला. "मी आपलं सभेच्या आधी सगळं नीट करून ठेवलं. जे जे गेलेत त्यांच्या पुढे दिवंगतची खूण केली. दहा वर्षांचं राहिलं होतं, एका बैठकीत उरकलं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन तसाच हातात धरून ती वर आली, लॅपटॉप उघडला आणि बघायला लागली. शेहेचाळीस घरप्रमुखांपुढे खूण होती, शेहेचाळीस पानं यादीतून उतरली होती. कृष्णाजीरावांचं पान श्रद्धांजलीत गेलं होतं, फोटोला हार घातलेला. आणि त्या पानावर, खाली, पत्नी : सावित्रीबाई. अपत्य : राजलक्ष्मी. नवऱ्याबरोबर बायको गेली, बापाबरोबर लेक गेली. ज्यांना मुलगे होते त्यांची गत वेगळी नव्हती, कारण मुलाच्या पानावर त्याची पत्नी होती, त्याची मुलं होती, आईला रकानाच नव्हता. बसून मोजल्या. एक्केचाळीस बायका, सगळ्या हिंडत्याफिरत्या, सकाळी भाजी आणणाऱ्या, मंडळाच्या यादीतून नाहीशा झालेल्या.

पहिला राग प्रदीपवर आला. या बैलाला शेहेचाळीस खुणा करताना एकदाही वाटलं नाही की यादी एवढी कशी आटली? मग अण्णांवर आला. एक घर एक पान म्हणे! मग ती ते रकाने एकेक उघडून बघायला लागली, आणि तिचं डोकं आणखीच सणकलं. घराघरांतून फॉर्म भरून आले होते ते पुरुषांनी भरलेले, गेलेल्यांचे त्यांच्या मुलांनी नाहीतर पुतण्यांनी. कुणी बायकोचं नाव लिहिलं होतं. कुणी लिहिलं होतं, पत्नी : १. एकाने लिहिलं होतं, होय. आणि सात जणांनी, सात, पत्नी या शब्दापुढे नुसतं लिहिलं होतं, आहे.

पत्नी : आहे. घरात फ्रिज आहे का, आहे. गॅस आहे का, आहे.

"मॅम, काय झालं?" अभिराजने लांबूनच विचारलं.

"काही नाही. तुझ्यापेक्षा मोठं गाढव भेटलंय."

"कोण?"

तिने मान परत लॅपटॉपमध्ये घातली. कारण रकाना तिने केला होता. तो साधा मजकुराचा रकाना, काहीही लिहा चालेल असा, तिने स्वतःच्या हाताने केला होता. चौकटही तिची. अण्णांनी वही दाखवली, प्रदीपने खूण केली, पण एक्केचाळीस बायका एका झटक्यात पुसल्या जातील अशी सोय करून देणारी ही होती. दुसऱ्या कुणी असं काम करून आणलं असतं तर तिने त्याची चारचौघांत पार बिनपाण्याने केली असती.

शनिवारी सकाळी साडेसहाला ती बसली. कुणाची परवानगी घेतली नाही. 'व्यक्ती' हा प्रकार केला, त्याला नाव, पत्ता, फोन, सभासद कधीपासून, आणि 'हयात' की 'दिवंगत' हे ज्याचं त्याचं, ज्याच्या त्याच्या पानावर. कुटुंबाचं पान ठेवलं, पण आता त्यात माणसं भरायची नव्हती, जोडायची होती. मग रकान्यांतल्या बायका एकेक करून बाहेर काढायला सुरुवात केली. ज्यांची नावं होती त्या सोप्या. उरल्या त्यांना फोन.

"नाव सांगा."

"विठोजीरावांच्या घरचं बघा."

"तुमचं नाव."

"आमचं काय, विठोजीरावांच्या घरचं लिही की. सगळे ओळखतात."

"अहो, विठोजीराव जाऊन नऊ वर्षं झाली! तुमचं, तुमचं स्वतःचं नाव सांगा!"

मग पलीकडून बारीक आवाजात, "गंगाबाई." राजलक्ष्मीला आपल्या ओरडण्याची लाज वाटली. पण पुढच्या फोनवर पुन्हा तेच झालं आणि ती पुन्हा ओरडली. दुपारी तीनपर्यंत एक्केचाळीस पानं उभी राहिली. अम्मा दिवसभर आतल्या खोलीत बसून वहीच्या कागदावर काहीतरी लिहीत होती, खोडत होती, पुन्हा लिहीत होती. उद्या खोलीसाठी जोरदार भांडणार म्हातारी, असं राजलक्ष्मीला वाटलं आणि बरं वाटलं.

रविवारी दहाला दोघी हॉलच्या दाराशी गेल्या. दारात टेबल टाकून प्रदीपकुमार बसलेला, पुढे मागच्या आठवड्यात छापलेली जुनी यादी.

"या या अक्का. सावित्रीअक्का, तुमचं नाव नाही ना, म्हणून काय झालं? पाहुण्या म्हणून बसा. मागे खुर्च्या आहेत. चहा घ्या."

सावित्रीबाईंनी हातातला कागद घडी करून मुठीत धरला. त्या ज्या हॉलच्या दारात उभ्या होत्या तिथे भिंतीवर मंडळाच्या कार्यकर्त्यांचे फोटो होते, आणि त्यातले निम्मे लोक लहानपणी त्यांच्याकडे बाराखडी गिरवून गेले होते. प्रदीपकुमारसुद्धा.

"पाहुणी?" राजलक्ष्मी म्हणाली. "पाहुणी म्हणतोस तिला? काल दुपारी तीन वाजल्यापासून तिचं नाव यादीत आहे. फोन काढ आणि बघ."

"अक्का, अशी यादी मधेच बदलता येत नाही. अध्यक्षांची परवानगी नको?"

"तू शेहेचाळीस खुणा केल्यास तेव्हा कुणाची घेतली होतीस?"

ती थेट पुढे गेली. स्टेजवर वासुदेवराव माइक तपासत होते. गडबड बघून त्यांनी हात वर केला. "राजी, मला प्रदीपने सांगितलं. स्वल्प टेक्निकल मिष्टेक झाली. पुढच्या सभेच्या आत दुरुस्त करू. आजचं आज होऊन जाऊ दे."

"टेक्निकल नाही अण्णा." तिने माइक घेतला नाही, गरजच नव्हती. "मशीनने काही चूक केली नाही. तुम्ही वही पुढे ठेवलीत आणि मी सरी म्हटलं. बाईला वेगळं पान नको, नवऱ्याच्या पानावर एक ओळ पुरे, हे तुम्ही सांगितलंत आणि मी केलं. मला कळत होतं तरी केलं. लोकांना शिव्या घालते मी असल्या कामासाठी. नवरा मेला की बायको यादीतून जाते, हे माझं काम आहे, माझ्या हातचं. आता ते मी दुरुस्त केलंय. या नव्या यादीवर सभा होणार असेल तर होऊ दे, नाहीतर आज या हॉलात कुणी हात वर करून दाखवाच."

मागच्या खुर्च्यांवर पाहुण्या म्हणून बसवलेल्या सात-आठ बायका होत्या. त्यांतली एक उठली. पदर सारखा केला. "अण्णा, माझ्या नावापुढे म्हणे 'आहे' लिहिलं होतं. मी आहे. माझं नाव गंगाबाई. यादीत घ्या."

मग दुसरी उठली. वासुदेवरावांनी माइक बाजूला ठेवला. मग प्रदीपकुमारला म्हणाले, "नवी यादी लाव."

खोलीचा ठराव शेवटी आला. प्रदीपने नाव पुकारलं, "सावित्रीबाई मानसिंग." त्या उठून पुढे गेल्या, मुठीतला कागद उलगडला, बघितला आणि परत घडी केला.

"खोली घ्या," त्या म्हणाल्या. "गेली दोन वर्षं माझ्याकडे चार मुलं येतात. चारांना खोली कशाला? माझ्या घरी बसतील. जेवायला लोक मावत नाहीत, मला दिसतं. कुणी घरी येऊन, सावित्रीबाई, खोली देता का, एवढं विचारलं असतं तर मी किल्ली हातात ठेवली असती. एकतीस वर्षं मी तिथे होते. मला न विचारता ठराव कसा केलात? याचा राग आहे मला, खोलीचा नाही. आता विचारताय, तर घ्या."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. वासुदेवराव उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले, तर त्या वळून चालायलाही लागल्या होत्या.

घर दोन गल्ल्या पलीकडे. राजलक्ष्मीचा राग अजून उतरला नव्हता, उलट नवीनच चढला होता. "खोली देऊन टाकलीस? अम्मा, मी काल दिवसभर घसा फोडला तो कशासाठी? आणि चारच मुलं येतात हे मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस?"

"बरं, नाही विचारलं. पण त्या लोकांना चांगलं सुनावायचं सोडून..."

"त्या लोकांचं सोड. त्यांनी मला कधीच विचारलं नाही, मला सवय आहे." सावित्रीबाई फाटकाशी थांबल्या. आवाज चढवला नाही. "वेबसाइटचं ते काम तू आपल्या जेवणाच्या टेबलावर बसून केलंस. दोन दिवस. मी तुझ्यासमोर बसून अवरेकाळूच्या शेंगा सोलत होते. बापाचं नाव लिहिलंस, त्याच्या खाली माझं लिहिलंस. एकदा मान वर करून म्हणायचं होतंस, अम्मा, तुला कुठे लिहू?"

त्या आत गेल्या. राजलक्ष्मी बाहेरच उभी राहिली, आणि या खेपेला ओरडायला तिच्यापुढे दुसरं कुणी नव्हतं.